कोंड्याचा मांडा : एका लहान मोटारीची शर्यत

मोटारींची शर्यत हा धनिकांचा शोक आहे, असा समज सर्वत्र रूढ आहे. आणि तो अगदींच निराधार आहे असेंही नाहीं. इंग्लंडांत ब्रुकलंड्स येथें शर्यतींसाठीं मुद्दाम बांधलेला मार्ग १९०७ सालीं खुला झाला. तेव्हांपासून १९३९ सालीं दुसरें महायुद्ध सुरू होईपर्यंत तेथें जे शर्यतींत उतरत, त्यांच्यापाशीं बहुधा स्वतःची वेगवान गाडी, ती संभाळणारा कारागीर आणि गाडी मोडली तर नवी घेण्याची ऐपत अशा तिन्ही गोष्टी असत. ज्याच्यापाशीं यांपैकीं एकही नाहीं, त्यानें कठड्याबाहेर उभें राहून टाळ्या वाजवाव्या, हा त्या खेळाचा जणुं अलिखित नियम होता.

परंतु युद्ध संपल्यावर पांच-सहा वर्षांतच याच देशांत एक निराळें दृश्य दिसूं लागलें. ओसाड पडलेल्या विमानतळांवर सुटीच्या दिवशीं लहान लहान, बसक्या, उघड्या गाड्या जमत. पुष्कळशा गाड्या मालकानें स्वतःच रस्त्यानें चालवीत आणलेल्या असत. शर्यत संपली आणि गाडी धड राहिली, तर तो तिच्यांतच बसून घरीं परत जाई. दिसावयास या गाड्या एकमेकींहून अगदीं भिन्न, पण त्यांचा पिंड एकच होता. वीस-पंचवीस वर्षांपूर्वीं मध्यम स्थितींतील कुटुंबांसाठीं निर्माण झालेली आणि आतां मोडीच्या भावानें मिळणारी 'ऑस्टिन सेव्हन' ही ती गाडी होय. कोंड्याचा मांडा करण्याची कला काटकसरी गृहिणीला ठाऊक असते. तीच कला येथें मोटारीच्या ठायीं वापरण्यांत आली. ती कशी साधली, आणि साधल्यावर ती टिकविणें किती कठीण गेलें, याचा इतिहास मनोरंजक तर आहेच, पण विचार करावयास लावणाराही आहे.

या इतिहासाचा आरंभ १९२१ सालांत होतो. पहिल्या महायुद्धानंतर बर्मिंगहॅमजवळील लाँगब्रिज येथील ऑस्टिन कंपनी मोठ्या आर्थिक संकटांत सांपडली होती. तिच्या मोठ्या गाड्यांना पुरेसें गिऱ्हाईक मिळेना. त्यांतच ब्रिटिश सरकारनें त्या वर्षापासून मोटारींवर दर अश्वशक्तीस एक पौंड असा वार्षिक कर बसविला. करासाठीं धरलेली ही अश्वशक्ति म्हणजे इंजिनाची खरी ताकद नव्हे. सिलिंडरांची संख्या आणि त्यांचा व्यास यांवरून ती ठरवीत. फोर्ड कंपनीच्या 'मॉडेल टी' या प्रसिद्ध गाडीस या हिशेबानें वर्षाला सुमारें २३ पौंड कर पडे. म्हणजे गाडी विकत घेणें एक वेळ परवडलें, तरी ती दारांत ठेवणें परवडूं नये, अशी स्थिति झाली.

सर हर्बर्ट ऑस्टिन यांनीं यांतून वाट काढावयाचें ठरविलें. कंपनीचे संचालक लहान गाडीच्या कल्पनेस अनुकूल नव्हते. तेव्हां सर हर्बर्ट यांनीं कारखान्यांत नकाशे काढण्याचें काम करणाऱ्या स्टॅन्ली एज नांवाच्या अठरा वर्षांच्या तरुणास आपल्या घरीं बोलावून घेतलें, आणि घरांतील बिलियर्डच्या खोलींत दोघांनीं मिळून नव्या गाडीचे नकाशे सिद्ध केले. दोन सिलिंडरांच्या धडधडणाऱ्या इंजिनाऐवजीं चार सिलिंडरांचें चिमुकलें इंजिन स्वस्तांत करतां येईल, हें वृद्धत्वाकडे झुकलेल्या त्या उद्योगपतीस पटवून देण्यांत या तरुणाचा मोठा वांटा होता. १९२२ सालीं गाडी लोकांपुढें आली. तिच्या इंजिनाचें आकारमान प्रथम ६९६ घन सेंटिमीटर होतें. १९२३ पासून तें ७४७ झालें. तिच्यावरील कर अवघा ८ पौंड होता. पुढल्या व मागल्या आंसांतील अंतर सव्वा सहा फूट, आणि वजन साडेतीनशें किलोच्या आसपास. प्रथम लोकांनीं तिला खेळणें म्हणून हिणविलें. परंतु जीं कुटुंबें तोंवर मोटारसायकलीला जोडलेल्या बाजूगाडींत दाटीवाटीनें बसून पावसांत भिजत होतीं, त्यांना या खेळण्याचें मोल तत्काळ कळलें. १९३९ पर्यंत अशा जवळजवळ २,९०,००० गाड्या तयार झाल्या. जर्मनींत डिक्सी कंपनी हीच गाडी परवान्यानें बनवीत असे. ती कंपनी १९२८ सालीं बी. एम. डब्ल्यू.नें विकत घेतली, आणि त्या विख्यात कारखान्याच्या मोटारधंद्याचा श्रीगणेशा याच लहानग्या गाडीनें झाला.

ही गाडी शर्यतींत धांवूं शकेल, हें प्रथम कारखान्यानेंच दाखवून दिलें. सर हर्बर्ट यांचे जावई कॅप्टन आर्थर वेट यांनीं १९२३ सालीं इटलींतील मोंझा येथें लहान गाड्यांची शर्यत जिंकली. १९२८ सालीं त्यांनींच ऑस्ट्रेलियांत फिलिप बेटावर जी शर्यत जिंकली, ती त्या देशाची पहिली ग्रां प्री म्हणून पुढें गणली गेली. १९३० सालीं ब्रुकलंड्स येथील पांचशें मैलांच्या शर्यतींत एस. सी. एच. डेव्हिस आणि अर्ल ऑफ मार्च यांनीं सेव्हनच्याच एका वेगवान प्रकारानें विजय मिळविला. त्या शर्यतींत लहान गाड्यांना आकाराच्या मानानें सवलत होती, हें खरें. तथापि पाऊण लिटरच्या इंजिनानें पांचशें मैल सतत तासीं ८३ मैलांहून अधिक सरासरी वेग राखावा, ही गोष्ट सामान्य नव्हती.

मात्र याच यशाबरोबर एक दोषही शिरला. जिंकावयाचें म्हटल्यावर कारखाना अधिकाधिक पैसा ओतूं लागला. १९३६ सालीं मरी जेमिसन यांनीं ऑस्टिनसाठीं जी शर्यतीची गाडी रचली, तिच्या ७४४ घन सेंटिमीटरच्या इंजिनांतून शंभराहून अधिक अश्वशक्ति निघे. घरगुती सेव्हनचें इंजिन मूळचें दहा-साडेदहा अश्वशक्तीचें! दोघींच्या इंजिनांचें आकारमान जवळजवळ एक, पण नातें म्हणाल तर नांवापुरतें. तशा गाड्या तीनच निघाल्या. सामान्य माणसाच्या दारांतील गाडी शर्यतींत उतरली खरी, पण उतरतां उतरतां ती सामान्य माणसाची राहिली नाहीं.

ही गोष्ट ध्यानांत ठेवूनच पुढल्या घटनांकडे पाहिलें पाहिजे. १९३९ सालीं 'मोटर स्पोर्ट' या नियतकालिकाचे संपादक बिल बॉडी यांच्या पुढाकारानें सेव्हनच्या चाहत्यांचें 'सेव्हन फिफ्टी क्लब' हें मंडळ निघालें. लवकरच युद्ध पेटलें. युद्धानंतर ब्रुकलंड्सचा मार्ग शर्यतींस कायमचा मुकला; तेथें विमानांचा कारखाना राहिला. नव्या गाड्या मुख्यतः परदेशीं विकावयाच्या, अशी सरकारची सक्ति होती. त्यामुळें घरच्या गिऱ्हाइकाला नवी गाडी दुर्मिळ. पेट्रोल तर नियंत्रित होतेंच, आणि १९४७ च्या शरद ऋतूंत खासगी वापराचें मूळ प्रमाणही बंद करण्यांत आलें. तें १९४८ च्या जूनमध्यें पुन्हां सुरू झालें, आणि १९५० च्या मे महिन्यांत नियंत्रण उठलें.

पण याच टंचाईंतून दोन गोष्टी आपोआप हातीं आल्या. एक म्हणजे जागा. युद्धासाठीं बांधलेले विमानतळ ओस पडले होते, आणि त्यांच्या कडेनें फिरणारे पक्के रस्ते शर्यतीला आयतेच मिळाले. सिल्व्हरस्टोन आणि गुडवुड हे दोन मार्ग १९४८ सालीं असेच सुरू झाले. गुडवुडचा मार्ग खुला करणारे ड्यूक ऑफ रिचमंड म्हणजे १९३० सालीं सेव्हन हांकून जिंकलेले तेच अर्ल ऑफ मार्च, हा योगायोग ध्यानांत घेण्याजोगा आहे. दुसरी गोष्ट म्हणजे जुन्या सेव्हन गाड्या. त्या गल्लोगल्लीं पडून होत्या. कोणाचें छत कुजलेलें, कोणाचे दरवाजे गळालेले. पण पत्रा कुजला म्हणून आंतील यंत्र कुजलें असें होत नाहीं.

सेव्हनच्या रचनेंत शर्यतीची गाडी दडलेली होती, ती या ठिकाणीं. अलीकडील बहुतेक मोटारींत पत्र्याचें शरीर आणि सांगाडा एकजीव असतात. सेव्हनमध्यें तसें नव्हतें. इंग्रजी 'ए' अक्षरासारखा, पुढें निमुळता आणि मागें रुंद असा तिचा पोलादी सांगाडा स्वतंत्र होता. त्याच्या शेंड्यावर आडवी बसविलेली एकच पट्ट्यांची स्प्रिंग पुढला आंस तोलून धरी. मागील बाजूस दोन अर्धवट स्प्रिंगा सांगाड्याच्या टोकांतून बाहेर आलेल्या असत. वरचें शरीर बोल्ट काढून उचलून ठेवलें, कीं खालीं इंजिन, गिअर, चाकें आणि सुकाणू यांसह चालती गाडी शिल्लक राही. दोन माणसांना उचलतां येईल एवढेंच शरीराचें वजन. त्यामुळें घराच्या परसांत, साध्या पान्यांनीं आणि कानशीनें हें काम करतां येत असे.

पुढील कृति बहुतेकांची सारखीच असे. प्रथम वजन कमी करावयाचें : छत, दारें, मागल्या बैठका काढून त्यांच्या जागीं ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्याचें, दोन माणसांपुरतें हलकें शरीर चढवावयाचें. मग स्प्रिंगांचा बाक कमी करून गाडी जमिनीलगत आणावयाची, म्हणजे वळणावर ती कलंडण्याची भीति कमी होई. पुढला सलग आंस मधोमध कापून त्याचे दोन भाग स्वतंत्रपणें हलतील असें करण्याची युक्तिही पुष्कळांनीं वापरली. त्यामुळें एक चाक खड्ड्यांत गेलें तरी दुसऱ्याची पकड सुटत नसे. तारेनें ओढले जाणारे ब्रेक मूळचे अगदीं दुबळे. ते नीट जुळवावे, किंवा दुसऱ्या एखाद्या मोडीच्या गाडीचे तेलाच्या दाबाचे ब्रेक आणून बसवावे. शेवटीं इंजिन. सिलिंडरांचें झांकण घासून खालीं आणलें, कीं आंतील मिश्रण अधिक दाबलें जाऊन ताकद वाढे. व्हाल्वच्या स्प्रिंगा कडक केल्या आणि कार्बुरेटर मोठा घातला, कीं तें अधिक वेगानें फिरे.

येथें मात्र यंत्र आपली मर्यादा सांगे. ज्या वांकड्या दांड्याला सिलिंडरांतील चारी दट्टे जोडलेले असतात, तो क्रँकशाफ्ट सेव्हनमध्यें केवळ दोन टोकांच्या बेअरिंगांवर पेललेला होता. मध्यें आधार नसल्यामुळें वेग फार वाढला कीं तो लवे, आणि लवतां लवतां मोडे. त्याला मिळणारें तेलही दाबानें पोंचत नसे. बारीक पिचकाऱ्यांनीं उडविलेलें तेल त्याच्या भोंकांत पडेल तेवढें पडे. शर्यतींत पुढें जाणारी गाडी अकस्मात् मोठा आवाज होऊन कडेला थांबली, तर पाहणाऱ्यांस कारण विचारावें लागत नसे. यासाठीं जाणते लोक ताकदीच्या मागें लागण्याऐवजीं वजनाच्या मागें लागत. ताकद वाढविण्यास पैसा लागतो. वजन घटविण्यास विचार लागतो. जॅक फ्रेंच यांच्या गाडीचें नांवच 'सिम्प्लिसिटी', म्हणजे साधेपणा, असें होतें, आणि ती आरंभींच्या काळांतील अत्यंत यशस्वी गाड्यांपैकीं एक ठरली.

तथापि केवळ कल्पकतेवर विसंबून खेळ स्वस्त राहत नाहीं, हा १९३६ चा धडा मंडळाच्या चालकांना विसरतां येण्याजोगा नव्हता. मोकळीक दिली तर कोणी धनवान् गृहस्थ त्याच सांगाड्यावर पांचपट किमतीचें यंत्र चढवील, आणि परसांत राबणारा कारकून पुन्हां कठड्याबाहेर जाईल. म्हणून युद्धोत्तर काळांत, विशेषतः व्यवसायानें पशुवैद्य असलेल्या हॉलंड बर्केट यांच्या उत्साहानें, मंडळानें '७५० फॉर्म्युला' या नांवानें शर्यतीचे नियम ठरविले आणि १९५० च्या सुमारास त्यांप्रमाणें शर्यती सुरू झाल्या. नियमांचें सार थोडक्यांत असें : सांगाडा सेव्हनचा, इंजिनाचा गाभा सेव्हनचा, आणि इंजिनांत दाबानें हवा भरणारा सुपरचार्जर वर्ज्य. एकाला सुचलेली युक्ति दुसऱ्याला सांगण्याची प्रथाही मंडळांत रुजली. प्रतिस्पर्ध्याला आपलें गुपित सांगावें, ही गोष्ट व्यापारांत वेडेपणाची ठरेल. पण ज्यांचा उद्देश जिंकण्याइतकाच खेळ चालू ठेवण्याचा होता, त्यांना ती शहाणपणाची वाटली.

या नियमांची कसोटी पाहणारा माणूस लवकरच पुढें आला. त्याचें नांव कॉलिन चॅपमन. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजांत स्थापत्यशास्त्र शिकत असतांना तो जुन्या गाड्यांची खरेदी-विक्री करी. १९४७ सालीं पेट्रोलचें मूळ प्रमाण बंद झालें, जुन्या गाड्यांचा बाजार कोसळला, आणि एक जुनी सेव्हन त्याच्या गळ्यांत राहिली. विकत कोणी घेईना, तेव्हां त्यानें ती आपल्या भावी पत्नीच्या, हेझल विल्यम्स यांच्या, आईवडिलांच्या घरामागील गॅरेजमध्यें नेऊन उकलली. तिच्या डुगडुगणाऱ्या सांगाड्यावर त्यानें ॲल्युमिनियम चिकटविलेल्या प्लायवुडचें शरीर असें बसविलें, कीं तें शरीरच सांगाड्याला ताठपणा देई. विमानांच्या रचनेंतील हें तत्त्व होतें. १९४८ सालीं पुरी झालेली ही गाडी खडकाळ चढणींच्या स्पर्धांसाठीं होती. तिला त्यानें 'लोटस' असें नांव दिलें.

१९५१ सालीं ॲलन बंधूंच्या गॅरेजमध्यें त्यानें ७५० फॉर्म्युल्यासाठीं आपली तिसरी गाडी रचली, आणि तेथें त्याची बुद्धि खरी चमकली. सेव्हनच्या इंजिनांत चार सिलिंडरांना मिश्रण आंत घेण्याचीं दारें दोनच होतीं. प्रत्येक दार दोन शेजाऱ्यांत सामाईक. दोघेही शेजारी एकामागोमाग ओढूं लागत, आणि मग एकाच्या तोंडचा घांस दुसरा पळवी. नियमाप्रमाणें इंजिनाचा गाभा बदलतां येत नव्हता. चॅपमननें तो बदललाच नाहीं. त्यानें त्या सामाईक मार्गांत मधोमध पडदा घालून दोन दारांचीं चार केलीं. प्रत्येक सिलिंडरला आपापला वांटा मिळूं लागला, आणि त्या मोसमांत ती गाडी इतरांना बहुधा हातीं लागेना. मंडळानें पुढें ही युक्ति नियमानें बंद केली.

हा निर्णय प्रथमदर्शनीं अन्यायाचा वाटतो. ज्याच्या गुणाचें कौतुक करावयाचें, त्याच्याच युक्तीवर बंदी घालावी, हें कसें? परंतु मंडळापुढील पेंच खरा होता. युक्ति मान्य केली असती, तर दुसऱ्या वर्षीं प्रत्येकाला तशीच मशागत करून घ्यावी लागली असती. तिच्यावर आणखी एखादी आली असती, आणि खर्चाची पायरी दरवेळीं वर गेली असती. जिंकणाऱ्याचें जिंकणें कोणी हिरावून घेतलें नाहीं. पण ज्या दारानें तो आंत आला, तें त्याच्यामागून येणाऱ्यांसाठीं उघडें राहील, एवढी तजवीज करण्यांत आली. चॅपमनचें यांत कांहींच अडलें नाहीं. १९५२ सालीं त्यानें लोटस कंपनी स्थापन केली, आणि १९६३ ते १९७८ या काळांत तिच्या गाड्यांनीं फॉर्म्युला वन शर्यतींतील उत्पादकांचें विश्वविजेतेपद सात वेळां मिळविलें.

या गाडीच्या शाळेंतून निघालेला दुसरा थोर विद्यार्थी पृथ्वीच्या दुसऱ्या टोकास होता. न्यूझीलंडमधील ऑकलंड येथें लेस मॅकलॅरेन यांचें मोटारदुरुस्तीचें दुकान होतें. त्यांचा मुलगा ब्रूस याला लहानपणीं कंबरेच्या हाडाचा विकार जडला होता, आणि त्यापायीं त्याचीं दोन वर्षें रुग्णालयाच्या बिछान्यावर गेलीं. लेस यांनीं सेव्हनच्या शर्यती प्रकारची, १९२९ सालची 'अल्स्टर' गाडी सुटे भाग झालेल्या अवस्थेंत ११० पौंडांस आणली. बापलेकांनीं ती जुळविली, आणि १९५२ सालीं पंधरा वर्षांच्या ब्रूसनें तिच्यांतून आपली पहिली चढणीची स्पर्धा केली. याच ब्रूस मॅकलॅरेननें १९६३ सालीं स्वतःचा शर्यतसंघ काढला, आणि १९६८ सालीं बेल्जियमची ग्रां प्री स्वतःच्याच नांवाच्या गाडींत बसून जिंकली. १९७० सालीं गुडवुड येथें नवी गाडी पारखीत असतांना त्याला अपघाती मृत्यु आला. त्याची ती पहिली सेव्हन इंग्लंडांत वोकिंग येथील मॅकलॅरेन कंपनीच्या भव्य वास्तूंत आजही जपून ठेवलेली आहे.

पण मोठीं नांवें सांगून हा इतिहास संपविणें योग्य होणार नाहीं. चॅपमन आणि मॅकलॅरेन यांच्याजोगे लोक कोणत्याही मार्गानें पुढें आलेच असते, असें म्हणतां येईल. ज्यांचीं नांवें कोठेंही नोंदलीं गेलीं नाहींत, अशांना या गाडीनें काय दिलें, हें अधिक महत्त्वाचें आहे. यंत्र स्वतःच्या हातांनीं उकलावें, तें कां मोडलें हें समजून घ्यावें, आणि पुन्हां जोडून त्याच्यावर आपला जीव सोंपवावा, हें शिक्षण कोणत्याही विद्यालयाच्या फीहून स्वस्त होतें. पुढें सेव्हनचे भाग दुर्मिळ झाले. एके काळीं मोडींत निघालेली गाडी ठेव म्हणून जपली जाऊं लागली, आणि तिचें शरीर कापणें हें पातक वाटूं लागलें. तेव्हां मंडळानें हट्ट धरला नाहीं. १९५३ पासून फोर्डच्या ११७२ घन सेंटिमीटरच्या साध्या इंजिनासाठीं त्यानें वेगळी शर्यत काढली होतीच. ७५० फॉर्म्युल्यांतही पुढें रिलायंट या लहान गाडीच्या इंजिनास वाट करून दिली. गाडी बदलली, इंजिन बदललें. स्वस्ताईचें तत्त्व मात्र सोडलें नाहीं, आणि म्हणूनच मंडळाच्या शर्यती अद्याप चालू आहेत.

स्वस्त वस्तु आपोआप स्वस्त राहत नाहीं. माणसाची बुद्धि, ईर्षा आणि पैसा हीं तिन्ही मिळून तिला महाग करण्यास सदैव टपलेलीं असतात. कोंड्याचा मांडा एकदां कोणीही चतुर माणूस करूं शकेल. पण पंक्तींतील शेवटच्या पाहुण्याच्या पानावरही तो पडावा, यासाठीं वाढणाऱ्याचा हात आंवरता असावा लागतो. सेव्हनचा सांगाडा सर हर्बर्ट ऑस्टिन यांनीं दिला, त्यावरील कल्पकता शेंकडों हातांनीं दिली. परंतु तो आंवरता हात ज्यांनीं दाखविला, त्या मूठभर नियमकर्त्यांचें ऋणही या खेळाला विसरतां येणार नाहीं.